शिक्का मारणाऱ्याची गंमत

चंदीगडच्या आयटी पार्कात नोकरीला लागून भाच्याला चार दिवस झाले असतील. जेवणाच्या सुट्टीत मागून हाक आली, "ओ बाई!" पुण्यात वाढलेल्या पोराने इकडेतिकडे पाहिलं. बाई कुणीच नव्हती. हाक त्यालाच होती आणि मारणारा होता सहा फुटी, पगडीवाला, संगरूरचा टीममधला सहकारी. सतलजच्या दक्षिणेकडच्या पंजाबात, म्हणजे तिकडच्या माळव्यात, 'बाई' म्हणजे भाऊ. पंजाबीत बाई म्हणजे बावीससुद्धा, त्यामुळे मेसेजमध्ये ही मंडळी नुसतं '22 जी' लिहूनही भागवतात. आपल्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या बाई, नाहीतर थेट अहिल्याबाई. मुंबईच्या हिंदी सिनेमात मात्र बाई म्हणजे पदर खोचून भांडी घासायला आलेली मराठी मोलकरीण. शब्द एक, साचे तीन.

पुढच्या महिनाभरात भाच्याच्या लक्षात आलं की ऑफिसला मराठी माणूस आधीपासूनच ठाऊक आहे: 'सिंघम'मधला भडकणारा इन्स्पेक्टर, ढेरपोट्या हवालदार, ही बाई आणि वडापाव. भाच्याकडेही पंजाबी माणसाची माहिती तयार होती: बारा वाजल्याचे विनोद, लस्सी, भांगडा आणि 'बल्ले बल्ले'. दोन्हीकडचा माल एकाच दुकानातून आलेला, आणि त्या दुकानाचं नाव सिनेमा, त्यातही विनोदी सिनेमा. सुखना तलावाच्या बाजूला, किशनगड गावाच्या जमिनीवर 2005 साली सुरू झालेल्या या पार्कात पंजाबी, हरियाणवी, हिमाचली, मल्याळी, बंगाली आणि आपली मराठी पोरं एकाच रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर, राजमा-चावल खातात. एकमेकांविषयीची पहिली ओळख मात्र पडद्याने करून दिलेली असते.

म्हणून प्रश्न असा. माणसांना साच्यात घालणारा विनोदी सिनेमा माणसांना जवळ आणतो की लांब ढकलतो? दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललं जातं. एक पक्ष म्हणतो, हसण्याने भिंती पडतात. दुसरा म्हणतो, ज्याच्यावर हसता त्याला विचारा. गेल्या साठेक वर्षांतला हिंदी-मराठी सिनेमा समोर ठेवून पाहिलं तर उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि ते एका साध्या गोष्टीवर ठरतं: सिनेमा शेवटी कुणाला साच्यात घालतो?

छापखान्यातला शब्द

'स्टिरिओटाइप' हा मुळात छापखान्यातला शब्द. खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घेऊन त्यावरून धातूची एकसंध पाटी ओतायची, म्हणजे पुढच्या आवृत्तीला पुन्हा खिळे जुळवत बसायला नको. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने 1922 साली तो शब्द माणसांविषयीच्या तयार समजुतींना लावला. उपमा चपखल होती, कारण दोन्हीकडे हेतू एकच, कष्ट वाचवणं. प्रत्येक माणूस नव्याने जुळवायचा म्हणजे वेळ जातो.

विनोदाला तर वेळ अजिबात नसतो. पात्र आत आलं की दोन वाक्यांत प्रेक्षकाला कळलं पाहिजे, हा कंजूष, ही खाष्ट, हा बावळट. आपल्या तमाशाने हे फार आधी ओळखलं होतं. गवळणीत मावशी असते, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. पेंद्या असतो, पायाने अधू, बोलायला बोबडा. वगात सोंगाड्या असतो, जो राजाच्या तोंडावर राजाची टर उडवतो. यातले पहिले दोघे हसण्याचा विषय आहेत आणि तिसरा हसवणारा आहे. हा फरक लक्षात ठेवायचा. पुढच्या सगळ्या सिनेमाची दोन टोकं तिथे आहेत.

साचा टाळून विनोद करता येत नाही असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पु. लं.चे पेस्तनकाका पारशी साच्यातूनच येतात आणि 'मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर' तर साच्यांवरच उभं आहे. पण पुलंचा पारशी थोड्या वेळाने 'एक पारशी' राहत नाही, पेस्तनकाका होतो. साचा दार उघडायला वापरला आणि आत गेल्यावर खाली ठेवला, तर तक्रार कुणाची नसते. तक्रार असते ती साचा हातात घेऊनच घरभर फिरणाऱ्यांविषयी.

साडीतला पुरुष

महाराष्ट्राने स्त्रीवेषातल्या पुरुषाकडे नेहमीच हसून पाहिलेलं नाही. बालगंधर्वांच्या लुगड्यांची, अंबाड्याची, चालण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करत. पुढे बोलपट आला, रंगभूमीवर स्त्रिया आल्या आणि साडीतला पुरुष हसण्यासाठी उरला. 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून अत्र्यांनी लिहिलेली 'मोरूची मावशी' विजय चव्हाणांनी गाजवली, ती याच हसण्यावर.

या परंपरेतला मराठीचा सर्वांत लाडका सिनेमा 1988 चा 'अशी ही बनवाबनवी'. हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरून सचिन पिळगावकरांनी तो केला. लिहिला वसंत सबनीसांनी, ज्यांनी 1965 मध्ये दादा कोंडकेंना 'विच्छा माझी पुरी करा' दिलं होतं. म्हणजे सोंगाड्याची जात ज्याला पक्की माहीत होती, त्या माणसाच्या हातात मावशीचा साचा आला. सिनेमात चार पुरुषांना पुण्यात जागा मिळत नाही. आधीचा घरमालक विश्वासराव सरपोतदार त्यांना बाहेर काढतो, नवी मालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच ठेवते. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात.

आता हसू कुठे येतं ते पाहा. काही ठिकाणी ते लक्ष्याच्या चालीवर, आवाजावर, देहावर येतं, तो गवळणीतल्या मावशीचा वारसा. पण सिनेमाचा डोलारा उभा आहे तो भाड्याच्या खोलीवर. आमच्या अटीत बसाल तर माणूस, नाहीतर रस्त्यावर, असं म्हणणाऱ्या घरमालकांवर. साडीतले पुरुष विचित्र दिसतात खरे, पण त्यांना साडी नेसायला लावणारं जग त्याहून विचित्र दिसतं. सरपोतदार लक्षात राहतो तो त्यामुळेच. सबनीसांनी मावशीच्या आत सोंगाड्या लपवला आहे.

नऊ वर्षांनी आलेल्या 'चाची 420' मध्ये कमल हासन चक्क मराठी बाई होतो, लक्ष्मी गोडबोले. घटस्फोटाच्या वाटेवरचा बाप मुलीजवळ राहण्यासाठी सासऱ्याच्या घरात आया म्हणून शिरतो. 'मिसेस डाउटफायर'वरून आधी तमिळमध्ये 'अव्वै षण्मुगी' झाला, मग हा. मराठी बाई म्हणजे घरकामाला आलेली, हा मुंबईचा साचा इथेही आहे. पण गोडबोलेबाई घरात सर्वांत शहाणी ठरते, आणि याच घरात एक मुसलमान स्वयंपाकी नोकरीसाठी ब्राह्मण असल्याचं सोंग घेऊन मुका होऊन वावरतो. त्याच्या सोंगाला हसताना हसू जातं ते सोवळ्याच्या मालकाकडे. दोन्ही सोंगांची गरज मालकाच्या पूर्वग्रहामुळे पडलेली आहे.

हे न समजता नुसती साडी उचलली की काय होतं, ते आपण टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत वर्षानुवर्षं पाहतो आहोत. तिथे पुरुषाने साडी नेसली, एवढाच विनोद असतो. कुणाच्या तरी अडवणुकीमुळे ती नेसावी लागली, हा भाग गळून गेला. खोली गेली, फक्त साडी उरली.

सरदार, अण्णा, भैया

प्रांतांचे साचे हा हिंदी सिनेमाचा हुकमी एक्का. 1968 च्या 'पडोसन'मध्ये मेहमूदचा दाक्षिणात्य गाणंमास्तर धमाल करतो, पण शेवटी हरतो तो, हसलं जातं त्याच्या शेंडीला आणि उच्चारांना. ज्यांना सिनेमा जिंकू देतो ते हिंदी बोलणारे. अभिनय थोर, साचा मात्र जसाच्या तसा परत दुकानात.

सरदाराचं तर विचारूच नका. दशकानुदशकं पगडी म्हणजे सैनिक, ट्रक ड्रायव्हर किंवा विदूषक. 2009 चा 'रॉकेट सिंग' हा अपवाद. त्यात शीख नायक एक प्रामाणिक, जेमतेम मार्कांचा सेल्समन आहे आणि विनोद कंपनीतल्या खोटेपणावर आहे. सरदारांवरच्या विनोदांवर बंदी घाला अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2017 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नागरिकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली आम्ही घालून देऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच. पण याचिकेमागचं दुखणं खोटं नव्हतं. शाळेत बारा वाजता ज्याच्याकडे सगळा वर्ग वळून बघतो, त्या मुलाला विनोदाचा इतिहास शिकवून उपयोग नसतो.

या दुखण्यावरचा सर्वांत चांगला इलाज चंदीगडनेच शोधला होता, आणि त्याचं नाव जसपाल भट्टी. पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेला, वीज मंडळात नोकरी केलेला, 'ट्रिब्यून'मध्ये व्यंगचित्रं काढणारा हा सरदार. पंजाब दहशतवादाने होरपळत होता त्या काळात दूरदर्शनवर त्याचा 'उल्टा पुल्टा' आणि 1989 मध्ये 'फ्लॉप शो' आला. भट्टी पगडी घालून पडद्यावर यायचा आणि पगडीवर एकही विनोद नसायचा. विनोद असायचा टेलिफोन खात्यावर, डॉक्टरवर, पीएच.डी.च्या गाइडवर, बांधकाम ठेकेदारावर. चेहरा कोरा ठेवून तो व्यवस्थेची सालं काढायचा. 1999 च्या 'माहौल ठीक है' या पंजाबी सिनेमात त्याने पंजाब पोलिसांनाच धरलं. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये 'पॉवर कट' या सिनेमाच्या प्रचारासाठी फिरत असताना अपघातात तो गेला. मूळचा वीज मंडळाचा माणूस, आणि शेवटचा सिनेमा वीज जाण्यावर. 'सरदार म्हणजे विनोदाचा विषय' या समजुतीवर त्याने भाषण कधी दिलं नाही. त्याने जागा बदलली, हसण्याच्या विषयातून उठून तो हसवणाऱ्याच्या खुर्चीत बसला. आपल्याकडे मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधून मालवणी बोलीसाठी नेमकं हेच केलं. मुंबईत जी बोली गड्यांची म्हणून चेष्टेची होती, तिच्यात पाच हजारांवर प्रयोग झाले, आणि सभागृहात सर्वांत मोठ्याने हसणारा मालवणीच असायचा.

चंदीगडचा साचा हिंदी सिनेमाने ठसठशीत वापरला तो 2019 च्या 'गुड न्यूज'मध्ये. बत्रा आडनावाची दोन जोडपी, एक मुंबईचं तोऱ्यातलं, एक चंदीगडचं भडक कपड्यांचं, मोठ्याने बोलणारं. कृत्रिम गर्भधारणेत नमुन्यांची अदलाबदल होते. चंदीगडच्या बत्रांना सिनेमा भरपूर हसतो, पण हळूहळू मुंबईच्या बत्रांचा नाकावर माशी न बसू देण्याचा स्वभाव उघडा पडतो. सिनेमा भारतात 200 कोटींच्या पुढे गेला. इथे एक खोच आहे. चंदीगडचं जोडपं शेवटी आवडतं ते 'पंजाबी म्हणजे दिलदार' म्हणून. वाईट साचा काढला आणि गोड साचा घातला. 'मराठी माणूस साधा', 'पारशी प्रामाणिक' हे त्याच भांड्यातले मोदक. गोड असले तरी साच्यातलेच.

आणि 'भैया'? सख्ख्या भावासाठीचा हा शब्द मुंबईत आणि पंजाबात, दोन्हीकडे, उत्तर प्रदेशच्या आणि बिहारच्या मजुरासाठी हिणकस झाला. दीड हजार किलोमीटरचं अंतर असलेल्या दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकाच शब्दाचं एकच वाटोळं केलं. मराठी विनोदी सिनेमा त्याला दुधाची किटली देतो आणि एखाद्या हेल काढलेल्या वाक्यावर पाठवून देतो. भैयाला अजून त्याचा जसपाल भट्टी मिळायचा आहे.

कांताबेन ते मानवी

वेगळेपणाच्या स्वीकाराची सर्वांत ठळक वाट दिसते ती लैंगिकतेच्या विषयात. 1998 मध्ये 'फायर'च्या वेळी मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. पाच वर्षांनी 'कल हो ना हो' आला आणि त्यात दोन पुरुषांना जवळ पाहून दचकणाऱ्या कांताबेनवर अख्खा देश हसला. 2008 च्या 'दोस्ताना'त दोन नायक जागेसाठी समलिंगी जोडपं असल्याचं सोंग करतात. 'बनवाबनवी'चीच गोष्ट, फक्त साडीच्या जागी दुसरा शिक्का.

या दोन सिनेमांविषयी आजही भांडण आहे. समलिंगी माणसांच्या वाट्याला त्यातून चिडवण्याचे नवे शब्द आले, हे खरं. घरात आईवडिलांसमोर हा विषय पहिल्यांदा उच्चारला गेला तोही याच विनोदांमुळे, हेही खरं. पण बारकाईने पाहिलं तर दोन्हींत खरा समलिंगी माणूस मध्यवर्ती नाहीच. गैरसमज आहे, सोंग आहे, माणूस नाही. जिथे माणूसच नाही, तिथे स्वीकार कुणाचा करायचा?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले आणि सिनेमाची भाषा बदलली. 2020 च्या 'शुभ मंगल ज्यादा सावधान'मध्ये अलाहाबादचं मध्यमवर्गीय कुटुंब आहे. घरचा मुलगा दुसऱ्या मुलाच्या प्रेमात आहे, आणि त्यात वेडंवाकडं काही दाखवलेलं नाही. वेडेवाकडे आहेत घरचे. बाप शास्त्रज्ञ, त्याने काळा फ्लॉवर पिकवलाय आणि निसर्गाच्या विरुद्ध काय आणि अनुरूप काय, याचं प्रवचन तो मुलाला देतो. काळा फ्लॉवर ही युक्ती जरा ठसठशीत आहे, पण बाण बरोबर जागी लागतो.

आणि मग 2021 च्या डिसेंबरमध्ये आला 'चंदीगड करे आशिकी'. अभिषेक कपूरचं दिग्दर्शन, नायक आयुष्मान खुराना, जो स्वतः चंदीगडचा. मनू मुंजाल हा जिमवाला. दंड, व्यायाम, प्रोटीन, आणि 'सर्वकाळचा गबरू' ठरवणारी स्पर्धा. त्याच्या जिममध्ये झुंबा शिकवायला मानवी येते. प्रेम जमतं, आणि मग कळतं की मानवी ट्रान्स स्त्री आहे. मनू किंचाळतो, शिसारी दाखवतो, आपली फसवणूक झाली म्हणतो. या सगळ्या जागी सिनेमा मनूला हसतो. मानवीचं बोलणं-चालणं सरळ, साधं आहे. साचा आहे तो गबरू जवानाचा, म्हणजे पुरुषार्थ दंडाच्या घेरात मोजणाऱ्याचा. गंमत म्हणजे निसर्गाने दिलेला देह बदलण्यासाठी दिवसरात्र झटणारा माणूस तोच आहे, आणि देह बदलला म्हणून दुसऱ्याला नावंही तोच ठेवतो. ही विसंगती सिनेमा मोठ्याने सांगत नाही. जिमच्या आरशात ती आपोआप दिसते.

टीका झाली ती दोन कारणांनी. मानवीची भूमिका वाणी कपूरने केली, ट्रान्स अभिनेत्रीने नाही. आणि मानवी इतकी सुंदर, समंजस, निर्दोष आहे की तिला नाकारायला कारणच उरत नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. त्याच चंदीगडात पंजाब विद्यापीठात शिकलेल्या धनंजय चौहान यांच्यावर ओजस्वी शर्माने 'अ‍ॅडमिटेड' हा माहितीपट केला. त्यातलं जगणं मानवीसारखं गुळगुळीत नाही. शिक्का मारणाऱ्याला साच्यात घातल्याने निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे वेगळ्या माणसालाही चुकायचा, हास्यास्पद व्हायचा हक्क देणं.

ते 2022 च्या 'बधाई दो'ने बरंचसं केलं. हर्षवर्धन कुलकर्णींच्या या सिनेमात शार्दूल समलिंगी पोलीस अधिकारी आहे, सुमी समलिंगी पीटी शिक्षिका. घरच्यांचा लग्नाचा धोशा चुकवायला दोघं एकमेकांशी लग्न करतात. शार्दूल बापडा आहे, भित्रा आहे, शरीर कमावण्याचं वेड त्यालाही आहे आणि घरात तो इतर कुठल्याही नवऱ्यासारखा आढ्यतेखोर आहे. समलिंगी असणं ही त्याची एकच ओळख नाही, म्हणूनच त्याला मनमोकळं हसता येतं. शेवटी दत्तक मुलाच्या पूजेला दोघांचे जोडीदारही बसतात, आणि त्या गर्दीच्या चौकटीत आता विनोदाचा विषय कोण, हेच कळत नाही. मला वाटतं, या आढाव्यातलं ते सर्वांत लांबचं पाऊल आहे.

पेंद्याचं पुढे काय झालं

अपंगत्वाच्या बाबतीत आपला विनोद फार काळ गवळणीतच राहिला. तोतरा, आंधळा, बहिरा आणला की गोंधळ तयार, हा हिशेब 'गोलमाल'सारख्या मालिकांनी चालू ठेवला. 2024 च्या जुलैत, 'आंख मिचोली' या सिनेमावरच्या याचिकेत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने एक उपयुक्त फरक सांगितला. अपंगत्वाविषयीचा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा. पहिला समजूत वाढवतो, दुसरा माणसाला कमी लेखतो. 2017 मध्ये जे न्यायालय नियम घालून द्यायला तयार नव्हतं, त्याने सात वर्षांनी निदान मोजपट्टी हातात दिली.

2025 चा 'सितारे जमीन पर' त्या मोजपट्टीवर बसतो. 2018 च्या 'कँपेओनेस' या स्पॅनिश सिनेमावरून केलेल्या या सिनेमात बौद्धिक वेगळेपण असलेले दहा कलाकार खरोखरचे आहेत, आणि 'दुरुस्ती' हवी आहे ती बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला. पण मला त्याहून धीट वाटतो तो 'सैराट'चा पूर्वार्ध. तिथे परश्याचे दोन मित्र आहेत. सल्या मुसलमान आहे, पण त्याच्यासाठी अत्तर, शायरी, सुरमा यातलं काहीही आणलेलं नाही. दुसऱ्याला गाव लंगड्याच म्हणतं. नाव क्रूर आहे, गावं अशीच असतात. पण लंगड्याचा विनोद त्याच्या पायाचा नाही. तो प्रेमात पडतो, थापा मारतो, मार खातो. पेंद्याला नागराज मंजुळेंनी गवळणीतून बाहेर काढून क्रिकेटच्या मैदानावर आणलं.

जातीचं मात्र अवघड आहे. मराठी विनोदी सिनेमा जात बोलत नाही, आडनावात लपवतो. 2014 च्या 'टाइमपास'मध्ये लेल्यांची मुलगी आणि दगडू यांच्यातलं अंतर प्रत्येक प्रेक्षकाला कळतं, आणि सिनेमा ते 'संस्कार' आणि 'टपोरीपणा' या नावांनी सांगतो. लेल्यांच्या कडकपणाला हसलं जातं, ते बरंच आहे. पण शब्द उच्चारला नाही की स्वीकारही बिनबोलाचा राहतो. घरी जाऊन नाकारायला सोपा.

हसल्याने खरंच काही होतं का

अमेरिकेत 1971 पासून 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका गाजत होती. त्यातला आर्ची बंकर काळ्यांना, ज्यूंना, सगळ्यांना नावं ठेवतो आणि दर भागात तोंडघशी पडतो. म्हणजे शिक्का मारणाऱ्याचीच टर, आपल्या सिद्धान्ताचा आदर्श नमुना. 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या दोघा संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची तोंडघशी पडलेला दिसलाच नाही. त्यांच्या मते तो खरं बोलत होता. ही गोष्ट विनोदकारांनी उशाशी ठेवावी अशी आहे. मनूच्या शिसारीला चंदीगडच्या थिएटरात काही जण मनूच्या बाजूने हसले असतील, हे गृहीत धरलंच पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्ये मांडलं होतं की बरोबरीच्या नात्याने प्रत्यक्ष सहवास घडला की पूर्वग्रह उतरतात. 2005 च्या सुमारास एडवर्ड शियापा आणि सहकाऱ्यांनी तेच पडद्यावरच्या सहवासाला लावून पाहिलं. 'विल अँड ग्रेस' ही विनोदी मालिका नेहमी पाहणाऱ्यांत समलिंगी पुरुषांविषयीचे पूर्वग्रह कमी आढळले, आणि हा संबंध ज्यांच्या ओळखीत असं कुणीच नव्हतं त्यांच्यात जास्त ठळक होता. म्हणजे सिनेमाचं काम शेजारी नसतो तिथे जास्त. शेजारी मिळाला की सिनेमाने बाजूला व्हावं.

फ्रान्सने हे एका सिनेमात दाखवलं. 2008 च्या 'ब्यांव्हन्यू शे ले श्ती'मध्ये दक्षिणेतल्या पोस्टमास्तराची शिक्षा म्हणून उत्तरेत बदली होते. आपल्याकडे गडचिरोलीची बदली म्हटल्यावर घरात जी शांतता पसरते, तीच त्याच्या घरात पसरते. थंडी, दारुडे, गावंढळ बोली, असं सगळं ऐकून तो जातो आणि त्याला तिथे मजा वाटू लागते. बायको भेटायला येणार म्हणते तेव्हा गावकरी तिच्या समजुतीप्रमाणे गलिच्छ, दारुडं गाव मुद्दाम उभं करून दाखवतात. साचा ज्यांच्यासाठी बनवला, तेच तो अंगावर चढवून बनवणाऱ्याला बनवतात. दोन कोटींहून जास्त तिकिटं खपली. गडचिरोलीचा असा सिनेमा मराठीत कुणीतरी काढावा, हात जोडून विनंती.

तेव्हा एवढ्या सगळ्यातून हाती काय लागतं? साचा वापरल्याबद्दल विनोदी सिनेमाला दोष देण्यात अर्थ नाही. 'पडोसन' आणि 'बनवाबनवी' दोन्ही साच्यांवर चालतात. पहिल्यात मध्यंतरानंतरही साचा त्याच माणसावर असतो, दुसऱ्यात तो गुपचूप घरमालकावर सरकतो. हे सरकणं घडलं की प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसतो, आणि हसत असताना दिसल्यामुळे तो रागावत नाही. त्यापुढची पायरी अवघड आहे. वेगळ्या माणसाला आदर्श बनवून मखरात बसवायचं नाही, त्यालाही आपल्यासारखं वेडंवाकडं असू द्यायचं. तिथवर आपले एक-दोन सिनेमेच पोचलेत.

गेल्या डिसेंबरात मी भाच्याकडे चार दिवस राहिलो. मनीमाजऱ्यात चौघांचा फ्लॅट आहे: भाचा, संगरूरचा 'बाई', कोट्टायमचा एक आणि कांगड्याचा एक. हा फ्लॅट मिळेपर्यंत पाच ठिकाणी नकार मिळाला होता. बॅचलर आहात, मांसाहार करता, मैत्रिणी येतील, गावची कागदपत्रं दाखवा. थंडीच्या रात्री रजया ओढून आम्ही इंग्रजी सबटायटल्स लावून 'बनवाबनवी' पाहिला. सुधीर जोशींचा सरपोतदार आला आणि संगरूरचा मुलगा उठून बसला. हा तर आपला दुसरा मकानमालिक, म्हणाला. मग चौघंही प्रत्येक प्रवेशात आपापला घरमालक शोधू लागले. कोट्टायमच्याने सिनेमा थांबवून त्याच्या कोचीतल्या मालकिणीची नक्कल करून दाखवली.

पुढे साड्या आल्या. लक्ष्याच्या चालीवर तिघं लोळून हसत होते. कांगड्याचा मुलगा चहा टाकतो म्हणून उठला. चहा व्हायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो आत होता. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. कप घेऊन तो परतला तेव्हा पडद्यावर लीलाबाई काळभोर पुन्हा गंडवल्या जात होत्या. तो उभ्याउभ्याच पाहायला लागला, आणि त्यानंतर खोलीत सर्वांत मोठ्याने तोच हसला.